शनिवारी आमच्या घरी खून आहे

२० नोव्हेंबर २०११, रविवार

आमच्या मुलीचा, साक्षीचा पुण्याहून फोन. तिच्या कंपनीत परवा ‘मर्डर मिस्टरी डिनर’ झालं. जेवायला आलेल्यांपैकी एकाचा खोटा खून होतो, एक जण खुनी असतो आणि बाकीचे जेवता जेवता खुनी शोधतात. लोक म्हणे हसून हसून आडवे झाले. मी विचारलं, तपासाची पद्धत कोणती होती? ती म्हणाली, पद्धत-बिद्धत काही नाही बाबा, नुसती मजा. तिथेच त्यांचं चुकलं असणार.

मी ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. यंदा अकरावीला चार मुलं आहेत, त्यातली दोन चुकून आली. पण पद्धत म्हणजे काय हे मला कळतं.

ठरवलं. आपल्या घरी एक खून करायचा.

२१ नोव्हेंबर

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं : हे मी कशासाठी करतोय? मिरवायला? नाही. थोडंसं. मुख्य कारण वेगळं आहे.

हिरालाल आणि मी कामठ्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. आता त्याचं गोंदियात इलेक्ट्रिकचं दुकान आहे. भुपेंद्र नंतर भेटला, तो सिंचनाच्या ऑफिसात आहे. आमची तीन घरं गेली कित्येक वर्षं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एकत्र जेवत आली. या मार्चपासून ते बंद आहे. हिरालालला दुकानातून वेळ नाही. भुपेंद्रची कंबर धरते. पुन्हा हिरालालला वेळ नाही.

शेवटचं एकत्र जाणं फेब्रुवारीत, नागझिऱ्याला. तिथे हिरालालने चिप्सचं रिकामं पाकीट गाडीतून बाहेर टाकलं. मी गेटवर गार्डला स्वतःहून सांगितलं. गार्डने त्याला ते शोधून आणायला लावलं. बराच वेळ गेला आणि तेवढ्यात मागच्या जीपवाल्यांना वाघ दिसला. परत येताना सगळे गप्प होते. अंतर्मुख झाले असावेत.

त्यानंतर जेवणं बंद पडली हे खरं. पण एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिली दुसरीचं कारण ठरत नाही. अकरावीतल्या मुलांनाही हे कळतं. दोघांना तरी.

खरं लिहायचं तर या दोन घरांखेरीज गोंदियात मला उठून सहज जाता येईल असं घर नाही. म्हणून खून.

२२ नोव्हेंबर

अल्काला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, जेवाले बोलवाचं तर सरळ बोलवा ना, माणूस कायले मारता? मी कल्पना नीट समजावून सांगितली. मग विचारते, आणि तपास कोन करनार? म्हटलं, मीच. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं.

२४ नोव्हेंबर

हिरालालच्या दुकानात गेलो. तो गिऱ्हाईकाला ट्यूबलाइट दाखवत होता. मला बघून म्हणाला, घ्या, मास्तर आले, आता ट्यूब बी नियमानं पेटन. गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो.

शनिवार, १० डिसेंबर पक्का केला. दुसरा शनिवार, भुपेंद्रला सुट्टी. हिरालाल लगेच हो म्हणाला नाही. शनिवारी गर्दी असते, लग्नाचे ऑर्डर आहेत, बघतो, वगैरे. मग मी सांगितलं की मयताचं काम त्याला द्यायचं आहे. तो म्हणाला, म्हणजे नुसतं लेटून राहाचं? म्हटलं, हो. बोलाचं नाही? नाही. मग चालते, म्हणाला.

भुपेंद्र खुनी. त्याच्या ऑफिसात जाऊन जिन्याखाली त्याच्या कानात सांगितलं. कोणाला कळता कामा नये, अशी शपथ घातली. तो गंभीरपणे म्हणाला, सर, टेन्शन मत लो.

२६ नोव्हेंबर

कॉलेजसमोर उदारामचा पानठेला आहे. मी फक्त सुपारी घेतो. आज सुपारी देता देता तो म्हणाला, सर, भुपेंद्रसाहेब खून करून राहिले म्हनते तुमच्या घरी?

भुपेंद्रला फोन केला. त्याने फक्त बायकोला सांगितलं. नीतूला फोन केला. ती बालाघाटची, हिंदीतच बोलते. भाईसाब, मैंने तो सिर्फ शामकला भाभी को बताया. शामकला म्हणजे हिरालालची बायको. तिने ब्लाउज शिवणाऱ्या बाईखेरीज कोणालाही सांगितलं नाही.

विश्वासघाताला या गावात शिंप्याचं दुकान पुरतं. खुनी बदलला. आता शामकला. तिच्याशी फोनवर बोललो, तेही अंगणात जाऊन.

२८ नोव्हेंबर

सकाळी चहा देताना अल्का म्हणाली, शामकलाले काऊन खुनी केलं हो, बिचारी झुरळ मारत नाही.

मी अल्काला सांगितलं नव्हतं.

३० नोव्हेंबर

अखेर तोड निघाली. खुनी पुन्हा बदलला आणि यावेळी कोणालाच सांगितलं नाही. खुद्द खुन्यालाही सांगितलं नाही. आपण खुनी आहोत हेच खुन्याला माहीत नाही. यापेक्षा जास्त गुप्तता मला तरी सुचत नाही.

एक अडचण होती. खुन्याला आपण खुनी आहोत हे माहीत नसेल तर तो उत्तरं काय देणार? त्यावरचा उपाय मला कॉलेजातून येताना रेल्वे फाटकावर सुचला. कोणी काही रचून सांगायचंच नाही! मी येत्या आठवड्यातला एक खराखुरा दिवस निवडणार. त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात, हे प्रत्येकाने खरं सांगायचं. खोटं बोलण्याचा खेळ आपल्या माणसांत नकोच. मयताला त्या दिवशी चहातून हळू चढणारं विष दिलं गेलं, असं धरायचं. दिवस कोणता, हे ऐनवेळी सांगणार.

अल्का म्हणाली, खेळात बी खरं बोलाचं? म्हटलं, खेळातच तर माणसाची परीक्षा असते. ती आत गेली.

४ डिसेंबर, रविवार

अल्का पहाटेच अर्जुनी मोरगावला गेली. तिथे तिची सुशिलामावशी असते. मी बसस्टँडवर सोडायला निघालो होतो. ती म्हणाली, झोपा, थंडी आहे. काळजी करते.

संध्याकाळी रीतसर आमंत्रण द्यायला निघालो. पुरुषांना दुकानात, ऑफिसात सांगून भागतं. बायका घरी येऊन सांगितल्याशिवाय बोलावणं धरत नाहीत. हिरालालकडे कुलूप. त्याची बोलेरोही नव्हती, सर्व्हिसिंगला दिली असणार. भुपेंद्रकडे कुलूप. शेजारीण म्हणाली, सकाळपासून नाहीत.

दोन्ही घरांना कुलूप होतं म्हणून ती माणसं एकत्र होती, असा निष्कर्ष काढता येत नाही. सामान्य माणूस इथेच घसरतो.

पण वाटेत लक्षात आलं, तपासासाठी मला हवा तो दिवस हाच. या संध्याकाळी कोण घरी नव्हतं हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. निवड झाली. रविवार, ४ डिसेंबर.

तपासाच्या वेळी गळ्यात अडकवायला दुर्बीण काढायला गेलो. कपाटात नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, मले आता समोरचं बी दिसत नाही, मी दुर्बीन काय करू?

अल्का अंधार पडल्यावर आली. केसांत लाल धूळ. अर्जुनीचा रस्ता फारच खराब झालेला दिसतो, लिहायला हवं कोणाला तरी. मावशी दरवेळी चिन्नोर तांदूळ देते, यावेळी काहीच दिलं नाही. पण अल्का खुशीत होती, पोळ्या लाटताना गुणगुणत होती. माहेरच्या माणसांत गेलं की बायका तरुण होतात.

५ डिसेंबर

दुर्बीण कपाटात जागेवरच सापडली. मीच नीट पाहिलं नसेल. स्वतःच्या निरीक्षणावर इतका विश्वास बरा नव्हे, अशी नोंद करतो.

दुपारी सुशिलामावशीचा फोन. अल्का घरी नव्हती. मावशी म्हणाली, काय जावईबापू, आमची पोरगी दिवाळीपासून इकडे फिरकली नाही, पाठवा की एकदा. काल आलेलं माणूस आज विसरली. वय झालं. मी तिला वाईट वाटू नये म्हणून पाठवतो म्हटलं. अल्कालाही सांगितलं नाही, उगाच जीवाला लावून घेईल.

७ डिसेंबर

भुपेंद्रने फोनवर शंका काढली की चहातून दिलेलं विष अंमल करायला दिवसच्या दिवस कसं लावेल. शंका रास्त होती. म्हणून कृषी केंद्रात विचारायला गेलो. चव लागू नये, वास येऊ नये, माणूस सावकाश जावा, असं काही असतं का? दुकानदाराने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, घरी सगळं ठीक आहे ना सर असं दोनदा विचारलं आणि हिरालालला फोन केला. हिरालाल दुकान सोडून धावत आला. सगळं ऐकल्यावर तिथेच खाली बसला. म्हणाला, मास्तर, तू आमाले खरंच मारशील.

पण धावत आला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

९ डिसेंबर, शुक्रवार

सगळी तयारी झाली होती आणि आईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून अगदी डोळ्याला लावून बघितलं. मग म्हणाली, अगा खेमू, उद्या तर गिरान आहे!

खग्रास चंद्रग्रहण. दिवस मावळता लागणार, नऊ वाजून गेल्यावर सुटणार. म्हणजे नेमकं आमच्या जेवणाच्या वेळी.

मी आईला एक नारळ, एक लिंबू आणि टॉर्च घेऊन पृथ्वीची सावली दाखवली. तिने पूर्ण पाहिलं. मग म्हणाली, लिंबू इकडं दे, लोणच्याचं आहे. आणि उद्या वेध लागल्यावर या घरात चूल पेटनार नाही.

पुढे ढकलावं का? प्रामाणिक विचार केला. पण मार्चनंतर पहिल्यांदा सगळे हो म्हणाले आहेत. पुन्हा म्हणतील याची खात्री नाही. हिरालालला विचारलं. म्हणाला, आपन कुठं मानतो गा असलं. भुपेंद्र तर बी.एस्सी. आहे. तो म्हणाला, सर, ये सब पुरानी बातें. दोघांचा अभिमान वाटला. अल्का वेध लागायच्या आत पहाटे उठून सगळा स्वयंपाक करणार आहे. आई प्रत्येक भांड्यात तुळशीचं पान घालणार आहे. मी हरकत घेतली नाही. तुळस अपायकारक नसते.

१० डिसेंबर, दुपार

टोमॅटोचं सूप, आलूबोंडे, वांग्याची भाजी, वडाभात. सगळं तयार, सगळं थंड, सगळ्यात तुळस.

कार्यक्रम असा : आधी सूप. सुपानंतर खून. वडाभातासोबत तपास. शेवटी खीर आणि निकाल.

काहीही चुकण्यासारखं राहिलेलं नाही.

११ डिसेंबर, रविवार

कालचं लिहितो. क्रमाने लिहितो, नाहीतर लिहवणार नाही.

सगळे दिवेलागणीला आले. बी.एस्सी. भुपेंद्र स्कूटरवरून उतरून डोक्यावर टॉवेल धरून पळत आत आला. थंडी आहे म्हणाला. पहिला धक्का तो, पण मी तो पचवला.

सूप वाढलं. कोणी हात लावला नाही. भुपेंद्रला ॲसिडिटी. शामकलाचा शनिवार, जो तिने आजवर कधी धरलेला मी पाहिला नाही. नीतू म्हणाली, भाईसाब, हम तो बिलकुल नहीं मानते, पर माँजी को बुरा लगेगा ना. माँजी आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या आणि त्यांना तिथून काहीच दिसत नव्हतं. शेवटी मी एकट्याने सूप प्यायचं ठरवलं. चमचा तोंडाशी नेला. सगळे बघत होते. मीही ठेवून दिला. पाहुण्यांआधी यजमानाने खाऊ नये, एवढंच कारण.

म्हणजे नऊ वाजेपर्यंत जेवण नाही. म्हटलं, तपास आधी उरकू. हिरालाल म्हणाला, मले आत्ताच मार, आलूबोंड्याचा वास येऊन राहिला, जिवंतपनी सहन होत नाही. तो छाती धरून चटईवर पडला. चांगला पडला. अल्काने त्याच्या डोक्याखाली उशी दिली. मी म्हटलं, मयताला उशी नसते. म्हणाली, मान धरते त्यांची. तिने उशी काढली नाही.

मी गळ्यात दुर्बीण अडकवून जाहीर केलं : मयताला विष दिलं गेलं ते रविवारी, ४ डिसेंबरला, संध्याकाळी. प्रत्येकाने आपण तेव्हा कुठे होतो ते सांगायचं. खरं सांगायचं, ही एकच अट.

खोलीत एकदम शांतता झाली. मला वाटलं, रंग चढला.

शामकलाने नीतूकडे पाहिलं. घरीच होती, म्हणाली. नीतू म्हणाली, हम भी घर पे ही थे. भुपेंद्र म्हणाला, घरी, कंबर धरली होती. तेव्हा मी आनंदात होतो. इतक्या आनंदात मी वर्गात कधी नसतो. प्रत्येकाला दोनदोनदा विचारलं. पक्कं? पक्कं. मग उभा राहिलो आणि दोन्ही कुलपं बाहेर काढली. तुमच्याकडे कुलूप होतं. तुमच्याकडेही कुलूप होतं. बोलेरो नव्हती. शेजारीण साक्षीदार आहे. तुम्ही तिघेही खोटं बोलताय!

मी टाळ्यांची वाट पाहत होतो.

मग विनोद म्हणून अल्काकडे वळलो. म्हटलं, आणि या बाई म्हणतात मी अर्जुनीला होते, पण खुद्द मावशी फोनवर म्हणते की दिवाळीपासून आलीच नाही. मी स्वतःच हसलो. आणखी कोणी हसलं नाही. अल्का सुपाच्या वाटीतलं तुळशीचं पान बघत होती.

तेवढ्यात चटईवरून हिरालाल म्हणाला, सांगून टाका ना गा एकदाचं. मी इथं उपाशी मरून राहिलो.

मी म्हटलं, मयताने बोलायचं नाही. तो उठून बसला. म्हणाला, मास्तर, नागझिऱ्याला गेलो होतो. आमी चौघं. आन अल्कावहिनी.

मी म्हटलं, हे कथेत नाही. तो म्हणाला, हे कथेत नाही, हे झालं.

मग एकेक बाहेर येत गेलं. ते मार्चपासून दोनदा गेले. रविवारी तलावाजवळ वाघीण दिसली. ती रस्त्यात येऊन बसली, उठेचना. शामकला तर रडली म्हणे. नीतूने मोबाइलवर फोटो काढला होता. मी विचारलं, दाखव. तिने दाखवला. वाघीण धूसर होती. पुढच्या सीटवर अल्का मात्र अगदी स्पष्ट होती, माझी दुर्बीण डोळ्याला लावलेली.

मी हिरालालला विचारलं, मला सांगितलं काऊन नाही? भाषेचं भान सुटलं होतं.

तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू आला असता.

अल्काला मी काहीच विचारलं नाही. तीच बोलली. मले एकदा वाघ पाहाचा होता हो. तुमच्यासंगं गेली की गार्डच दिसते.

कोणीतरी हसलं. मला वाटतं भुपेंद्र. मग त्याने खोकला काढला.

आतून आईचा आवाज आला, सुटलं गिरान, आंघोळी करा अन् जेवा. आमच्याकडे न्हाणीघर एक, माणसं सात, पाणी तापलेलं नाही. ते म्हणाले, आम्ही घरी जाऊन आंघोळ करून येतो. हिरालालचं घर दोन गल्ल्या सोडून, सगळे तिकडेच निघाले. तो वडाभाताचं पातेलं उचलून म्हणाला, इकडं थंड झालं, तिकडं गरम करतो, तुमी बी या. शामकलाने आलूबोंडे घेतले. अल्का खीर घेऊन मागे गेली. मी येतो म्हणालो.

गेलो नाही. बोलवायला पुन्हा कोणी आलं नाही.

आंघोळ करून आई आणि मी सूप प्यायलो. आईने विचारलं, मग खून कोनी केला? तिला सांगितलं नाही. खुनी मी आधीच ठरवून ठेवली होती. अल्का. कारण तिच्यावर कोणाचा संशय जाणार नव्हता.

१२ डिसेंबर

निर्णय.

हिरालाल आणि भुपेंद्र यांच्याशी संबंध संपले. अल्काशी आवश्यक तेवढंच बोलणं. नागझिरा या विषयावर कायमचं मौन. सुपारी बंद, कारण उदाराम सकाळी म्हणाला, सर, वाघ दिसला म्हनते वहिनीले.

एका बाकावर बसलेला माणूस. कृषी केंद्रात धावत आलेला माणूस. तोच.

संध्याकाळी साक्षीचा फोन अल्काने घेतला. आतून ऐकू आलं, काही नाही वो, घरात लय शांत आहे आजकाल. तक्रारीचा सूर नव्हता.

१४ डिसेंबर

हिरालालचं विधान मोकळ्या मनाने तपासून पाहिलं. ‘तुला सांगितलं असतं तर तू आला असता.’ मला सांगितलं असतं तर मी आलो असतो का? हो. नक्की. म्हणजे मी यायला नको असेन, तर मला न सांगणं हा एकच मार्ग उरतो. युक्तिवाद निर्दोष आहे. कुठेच फट सापडली नाही.

याचा त्रास युक्तिवाद चुकीचा असता तर झाला असता त्यापेक्षा जास्त झाला.

अल्काशी मौन चालू. तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

१८ डिसेंबर, रविवार

आज सगळे घरी आहेत का हे बघायला गेलो नाही. फक्त फिरायला गेलो. हिरालालकडे बोलेरो उभी होती.

घरी आलो तर हिरालाल माझ्याच खुर्चीवर पेरू खात बसलेला. आई त्याला मीठ देत होती. माफीची वाक्यं मी मनात तयार ठेवली होती, म्हणजे त्याने मागितल्यावर मी काय म्हणायचं ती. त्याने मागितलीच नाही. म्हणाला, मास्तर, खेळ लय भारी होता रे. तपास सोडला तर. बाया अजून त्याच गोष्टी करून राहिल्या. २४ तारखेला माह्या घरी परत करू. तू मरशील का?

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाला, मयत तू. मी मागच्या टायमाले झालो, आता तुयी बारी. एकच अट, मयतानं बोलाचं नाही.

मी नकार दिला. स्पष्ट नकार. तो म्हणाला, बरं. आणि दुसरा पेरू घेतला.

अल्का चहा घेऊन आली. मी शांतपणे विचार केला. मयताशिवाय खून नाही, खुनाशिवाय तपास नाही, तपासाशिवाय कार्यक्रम नाही. म्हणजे सगळा डोलारा मयतावर उभा असतो. हे मागच्या वेळी मी हिरालालला दिलं तेव्हा त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं. आता येतंय. एका अर्थी ही माफीच.

होकार दिला. कथा लिहून आणतो म्हणालो. तो म्हणाला, लिहून नको आनू. नुसता ये.

२२ डिसेंबर

श्वास पोटात ठेवण्याचा सराव करतो आहे. छाती हलता कामा नये. अल्काने खोलीत येऊन विचारलं, बरं नाही का? म्हटलं, तालीम. ती माझ्याशेजारी बसून ब्लाउजची बटणं लावत राहिली. बराच वेळ. मी काही बोलू शकत नव्हतो. मध्येच स्वतःहून तिने वाघिणीचं सांगितलं, ती कशी बसली, शेपटी कशी हलली, शामकलाने तिचा हात कसा घट्ट धरला. मला दोन प्रश्न विचारायचे होते. विचारले नाहीत. ती आणखी सांगत गेली.

२५ डिसेंबर, रविवार

काल हिरालालकडे.

मी ठरल्या वेळी मेलो. उत्तम मेलो, असं मला वाटतं. बैठकीच्या खोलीत चटईवर उत्तरेला डोकं करून पडलो. उशी नाकारली. शामकला ओरडली, भुपेंद्रने माझी नाडी पाहिली आणि गेले म्हणून जाहीर केलं. नीतूने विचारलं, अब क्या करना है? हिरालाल म्हणाला, आता शोधाचं. पहिले भाजी उतरवून घेऊ, करपून राहिली.

चूल मागच्या अंगणात होती. सगळे तिकडे गेले.

मी पडून राहिलो. डोळे मिटलेले, श्वास पोटात. मागून ताटांचे आवाज आले. मग भुपेंद्र माझी नक्कल करायला लागला, गार्डशी बोलतानाची. ‘मी एक जबाबदार नागरिक या नात्याने’ असं मी म्हणालो नव्हतो, ‘सजग’ म्हणालो होतो. अंगणभर हसू उसळलं. त्यात अल्काचं हसू वेगळं ओळखू आलं. घरी ते असं येत नाही. दुरुस्ती सांगावीशी वाटली. मयताला सांगता येत नाही.

एक गिऱ्हाईक दारातून डोकावलं. हिरालालभाऊ आहेत का? मी डोळे उघडले नाहीत. सर, झोपले का? मी श्वास धरून ठेवला. तो जरा थांबला, बदलून घ्यायला आणलेला बल्ब दाराशी ठेवून निघून गेला. निदान एकाला तरी शंका यायला हवी होती.

तपासाला कोणी आलं नाही. बराच वेळ आलं नाही. पाठीला फरशीचा गारठा लागायला लागला. उठणं हा नियमभंग ठरतो का, यावर विचार केला. अशा प्रसंगासाठी नियमच केलेला नव्हता. उठलो.

मागे सगळे चुलीभोवती पाट टाकून बसले होते. अर्धी जेवणं झालेली. मला दारात बघून नीतू म्हणाली, अरे, भाईसाब! हिरालाल म्हणाला, आलं का भूत? बस. तो थोडा सरकला. शामकलाने ताट वाढलं. अल्काने न विचारता माझ्या भातावर फोडणीचं तेल घातलं.

माझा खून कोणी केला, हे एकानेही विचारलं नाही. मी विचारणार होतो. पण तोंडात घास होता.